वावडे गव्हाचे, वारसा जनुकांचा

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात गव्हाने होणाऱ्या आजाराची चर्चा करावी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या खोऱ्यातील बांध्या, इटियाडोहाचे पाणी, पावसाळ्यातील रोवणीची लगबग आणि दिवाळीनंतर राईस मिलपुढे लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा, हे या भूमीचे चित्र. येथील ताटात भात मुख्य. तांदळाची भाकरी, पेज आणि पोहे हे त्याचे सोबती. गव्हाची पोळी ही कित्येक घरांत कालपरवापर्यंत सणासुदीची किंवा पाहुण्यांच्या मानाची गोष्ट होती. अशा मुलखात सिलिॲक या रोगाचे नावही शिक्षकांनी, कारकुनांनी वा विद्यार्थ्यांनी ऐकलेले नसेल, तर त्यात नवल नाही. परंतु ताट बदलत आहे, आणि ताटाबरोबर शरीरात पिढ्यान्‌पिढ्या निद्रिस्त असलेली एक शक्यताही जागी होऊ शकते. म्हणूनच हा विषय वेळीच समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक शाळेत एखादी तरी अशी मुलगी असते की जी वर्गात सर्वांत बुटकी, फिकुटलेली आणि लवकर दमणारी असते. तिचे पोट वारंवार बिघडते; कधी कधी तर बिघडतही नाही, केवळ अंगी काही लागत नाही. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या ती नियमाने घेते, जंतांचे औषधही घेते, तरी रक्त काही वाढत नाही. घरचे म्हणतात, तिची प्रकृतीच तशी. शेजारी म्हणतात, पोरगी नीट जेवत नाही. अशा मुलींपैकी बहुतेकींच्या अशक्तपणाची कारणे साधीच असतात: अपुरे अन्न, जंत, मलेरिया किंवा विदर्भाच्या या भागात सर्वपरिचित असलेला सिकलसेल. पण या सर्वांचा शोध घेऊनही उत्तर सापडत नाही, तेव्हा दोष तिच्या जेवण्यात नसून तिला ‘पौष्टिक’ म्हणून आग्रहाने वाढल्या जाणाऱ्या पोळीत असण्याचा संभव उरतो. तो तपासलाच गेला नाही तर वाढीची वर्षे निघून जातात, आणि गेलेली उंची काही परत मिळत नाही.

सिलिॲक हा नुसता अपचनाचा विकार नव्हे, आणि ती नेहमीच्या अर्थाने ॲलर्जीही नव्हे. गहू, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळताना जो चिवटपणा येतो तो याचाच. काही व्यक्तींच्या शरीरात या प्रथिनाचे अर्धवट पचलेले तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात पोचले की रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याला जखमी करते. आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट होतात. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते आणि नेमका तोच भाग या रोगात प्रथम दुखावतो. लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त का वाढत नाही, याचे उत्तर येथे सापडते. बांधीला पाणी सोडावे, पण पाटच बुजलेला असावा, तसा हा प्रकार होय.

या रोगाचा माग कसा लागला, ही कथाही बोधप्रद आहे. १८८८ साली लंडनचे डॉ. सॅम्युअल जी यांनी त्याचे आधुनिक वर्णन केले आणि उपचार असलाच तर तो आहारातच असेल, असेही सांगून ठेवले. मात्र आहारातील अपराधी कोण, हे कळण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर संशय होताच. दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशावर उपासमार ओढवली आणि पाव दुर्मिळ झाला. इतर मुले खंगत असताना या रोगाची मुले मात्र सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचा दोष निर्विवादपणे जगापुढे आला. दुष्काळाने माणसाला ज्ञान द्यावे, हा इतिहासाचा क्रूर विनोदच म्हटला पाहिजे.

तथापि, एकाच घरात एकच पोळी खाणाऱ्या पाच जणांपैकी एकालाच हा रोग का व्हावा, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर जनुकांत मिळाले. मनुष्याच्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकांचा एक समूह आहे. त्याचा शोध लावण्यात पुढाकार घेणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ दोसे यांना १९८० साली अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. या जनुकांवरून तयार होणाऱ्या प्रथिनांचे काम पहारेकऱ्याचे नव्हे, तर नमुना दाखविणाऱ्याचे आहे. धान खरेदीच्या केंद्रावर पोत्यातून मूठभर नमुना काढून तपासनिसापुढे धरावा, त्याप्रमाणे ही प्रथिने शरीरात आलेल्या पदार्थांचे तुकडे पांढऱ्या पेशींपुढे धरतात. तो आपला की परका, याचा निवाडा पांढऱ्या पेशी करतात. नमुना धरणारा हात प्रत्येकाचा निराळ्या घडणीचा असतो. म्हणून एकाच्या हातात जो तुकडा बसतो तो दुसऱ्याच्या हातातून निसटतो. अवयवरोपणात दाता व रुग्ण यांचा ‘मेळ’ पाहतात, तो याच जनुकांचा.

सिलिॲकच्या बाबतीत डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही नावे असलेल्या दोन घडणी महत्त्वाच्या ठरल्या. नॉर्वेतील लुडविग सोलिड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली डीक्यू-२ चा संबंध स्पष्टपणे दाखवून दिला. पुढे १९९७ साली जर्मन संशोधकांनी आतड्यातील ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर या कथेतील दुसरे पात्र असल्याचे सिद्ध केले. हे विकर ग्लूटेनच्या तुकड्यात किंचित रासायनिक बदल करून त्यावर ऋण विद्युत्‌भार आणते, आणि असा भारित तुकडा डीक्यू-२ च्या खोबणीत किल्लीसारखा घट्ट बसतो. मग पांढऱ्या पेशी खवळतात, आणि ग्लूटेनप्रमाणेच त्या विकराविरुद्धही प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. हीच प्रतिपिंडे रक्तात शोधून आज रोगाची प्राथमिक चाचणी केली जाते. म्हणजे धान्य, विकर आणि जनुक अशी तिघांची गाठ पडावी लागते. एकट्याने कोणीही रोग घडवीत नाही.

येथेच एका मोठ्या गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. सिलिॲकच्या जवळजवळ सर्व रुग्णांत डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ आढळते, हे खरे. परंतु ही जनुके बाळगणारा प्रत्येक जण रुग्ण असतो, हे मुळीच खरे नाही. अनेक समाजांत शंभरांतील तीस ते चाळीस लोकांत ती असतात आणि त्यांतील दोनतीन टक्क्यांनाच रोग जडतो. हेच प्रमाण येथे धरले तर पन्नास मुलांच्या वर्गात पंधरा ते वीस मुले या जनुकांची धनी असतील आणि त्यांतील एखाद्यालाच, किंवा एकालाही नाही, हा आजार होईल. एचएलएखेरीज इतर चाळीसएक जनुकस्थाने या धोक्यात थोडाथोडा वाटा उचलतात, असे २०११ पर्यंतच्या संशोधनातून दिसून आले. रुग्णाच्या आईवडिलांना, भावंडांना व मुलांना धोका सामान्यांहून अधिक असतो, पण तोही शंभरात सातआठ जणांच्या आसपास. एकसारख्या जुळ्यांत एकाला रोग असला तरी दुसऱ्याला तो दर वेळी होतोच असे नाही. वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे कसे सांगावे?

गोंदियाच्या वाचकाला हा भेद सिकलसेलच्या उदाहरणाने चटकन उमगेल. सिकलसेलमध्ये एकाच जनुकातील एक बदल निर्णायक असतो. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक, हे गणित येथील आरोग्यसेविकांना आणि आशा कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून ते अधिकच परिचित झाले. सिलिॲकला असे सरळ त्रैराशिक लागू पडत नाही. तेथे जनुक केवळ दार किलकिले करते. आत कोण शिरणार, हे अन्न आणि अजून पुरते न उलगडलेले अन्य घटक ठरवितात. एका रोगाचे गणित दुसऱ्याला लावले की अकारण भीती तरी वाढते किंवा अकारण निश्चिंती तरी. शिवाय एचएलएची ही विविधता हा निसर्गाचा प्रमादही नव्हे. निरनिराळ्या साथींना तोंड देताना समाजात निरनिराळ्या घडणीची माणसे असणे, हेच त्या समाजाचे संरक्षण असते. सर्वांचे हात सारखे असते, तर एकाच जंतूने सर्वांना फसविले असते.

भारतीय संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने या विषयावर लख्ख प्रकाश टाकला आहे. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील मिळून तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची त्यात तपासणी झाली. उत्तरेत सिलिॲकचे प्रमाण हजारी सुमारे साडेआठ, ईशान्येत साडेचारांहून थोडे अधिक, आणि दक्षिणेत हजारी एक दशांशाच्या आसपास आढळले. उत्तर व दक्षिण यांत एवढी दरी असावी, यास जनुकांतील फरक कारण असेल, असे कोणासही वाटेल. परंतु डीक्यू-२ व डीक्यू-८ चे प्रमाण तिन्ही प्रदेशांत जवळपास सारखेच, म्हणजे एकतृतीयांशाच्या आगेमागे, निघाले. फरक होता तो ताटात. उत्तरेतील माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता. ईशान्येतील ३७ ग्रॅम, आणि दक्षिणेतील केवळ २५ ग्रॅम. अर्थात, एवढ्यावरून सर्व भार गव्हावर टाकणेही घाईचे होईल. ईशान्येत गहू दक्षिणेइतकाच बेताचा, तरी रोग दक्षिणेच्या कित्येक पट, ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही. म्हणजे गहू हे मोठे कारण खरे, पण एकमेव नव्हे.

या अभ्यासात विदर्भ नव्हता. तरीही त्यातून निघणारा इशारा धानपट्ट्याला थेट लागू पडतो. बंदूक भरलेली आहे, पण चाप ओढलेला नाही, अशी स्थिती भातखाऊ प्रदेशांची असू शकते. येथील चाप कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे सांगण्यास सांख्यिकीची गरज नाही. स्वस्त धान्याच्या वाटपात तांदळाबरोबर गहूही आला. मुंबई-हावडा मार्गावरील मोठे जंक्शन असलेल्या या शहरात पाव, टोस्ट, समोसे आणि नूडल्स यांची रेलचेल झाली. खेड्यातील टपरीवरही चहाबरोबर बिस्किटाचा पुडा आला. तान्ह्या मुलाला पेजेऐवजी दुधात बुडविलेले बिस्किट भरविणे हे सुधारणेचे लक्षण समजले जाऊ लागले. मधुमेहाच्या धास्तीने कित्येक नोकरदारांनी रात्रीचा भात सोडून पोळी धरली. यांतील कोणतीही गोष्ट स्वतःहून गैर नाही. गव्हाने कोट्यवधींना पोसले आहे आणि बहुसंख्यांना तो बाधत नाही. पण ज्या थोड्यांना तो बाधेल, त्यांना ओळखण्याची सिद्धता ताट बदलण्याच्या वेगाने झाली पाहिजे.

ओळख पटविण्याचा मार्ग अवघड नाही. संशय आल्यास प्रथम रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी, आणि ती दोषी आढळल्यास बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणी. या संदर्भात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते: तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. कोणाच्या सांगण्यावरून पोळी सोडून महिनोन्‌महिने लोटले की प्रतिपिंडे ओसरतात, रसांकुर सावरू लागतात, आणि मग रोग होता की नव्हता हेच कळेनासे होते. जनुकांच्या चाचणीचे स्थान त्यानंतरचे. ती जनुके नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाही असे म्हणता येते, हा तिचा खरा उपयोग. ती असतील तर मात्र फारसे काहीच सिद्ध होत नाही, कारण तशी ती शेजारच्या घरीही असतात.

दुर्दैवाने बाजाराला हा विवेक परवडत नाही. महानगरांत ग्लूटेन वर्ज्य करणे ही श्रीमंतांची टूम झाली असून, ज्यांना काहीही बाधत नाही असे लोक दुप्पट-चौपट दराने ‘ग्लूटेनमुक्त’ माल घेतात. इकडे खरा रुग्ण मात्र निदानावाचून खंगतो. लाळेचा थेंब पाठवा आणि भविष्य जाणून घ्या, अशा जाहिरातीही आता खेड्यापर्यंत पोचतील. त्या आल्या की एक जुनीच व्याधी नव्या वेषात अवतरण्याचा धोका आहे. ज्या समाजात पत्रिकेतल्या मंगळावरून मुलींची लग्ने मोडतात, तेथे सहाव्या गुणसूत्राचा मंगळ शोधला जाण्यास कितीसा वेळ लागणार? तिसऱ्या हिश्शाच्या समाजात असणाऱ्या जनुकाला घराण्याचा दोष ठरविणे हे अज्ञान आहे, आणि ते विज्ञानाच्या परिभाषेत बोलले म्हणून त्याचे ज्ञान होत नाही.

वस्तुतः या रोगाइतका सुटसुटीत उपचार दीर्घ आजारांत क्वचितच आढळतो. त्याला आजमितीस खात्रीचे औषध नाही, पण गहू, जव व राय आयुष्यभर वर्ज्य केली की आतडे सावरते, मूल वाढीला लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन युरोपीय चाचण्यांनी, बाळाला गहू लवकर वा उशिरा सुरू करून हा रोग टळत नाही, हे दाखवून दिले. म्हणजे प्रतिबंधाचा सोपा उपाय हाती नाही. पण निदान झाल्यानंतरचा उपाय मात्र गोंदियाच्या कोठारातच भरून ठेवलेला आहे. पंजाबातील एखाद्या रुग्ण बालकाच्या आईला जे अन्न नव्याने शिकावे लागते, ते येथे आजीच्या हाताखाली रोज शिजते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, सर्व डाळी, भाज्या, दूध, अंडी, मासे हे सारे या रुग्णाला चालते.

अडचण आहे ती बारीकसारीक भेसळीची. गावच्या गिरणीत गहू दळून झाल्यावर त्याच पाळ्यांवर तांदूळ दळला तर त्या पिठात गव्हाचा अंश उतरतोच. भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘ग्लूटेनमुक्त’ या शब्दासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. यावरून किती थोड्या अंशाला महत्त्व आहे, याची कल्पना यावी. बाजारातल्या खड्याच्या वा पुडीच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. सातूच्या पिठात जव आणि गहू असतात. प्रसादाचा शिरा, पंगतीतली पोळी, मित्राच्या डब्यातला घास, यांना रोज नाही म्हणणे लहान मुलाला किती जड जात असेल! अडगळीत पडलेले घरचे जाते अशा घरात पुन्हा उपयोगी पडावे, हा काळाचा मोठा सूचक संकेत आहे. ज्या जात्यावर गहू कधी पडला नाही, त्याचे पीठ या मुलासाठी कारखान्याच्या पाकिटापेक्षा कमी मोलाचे नाही.

तेव्हा अपेक्षा अवाजवी नाहीत. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोहाच्या गोळ्यांना न जुमानणारा पांडुरोग, खुंटलेली उंची किंवा चिवट अतिसार असलेल्या मुलांची प्रतिपिंड चाचणी तेथे विनामूल्य व नियमाने व्हावी, आणि जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील आरोग्य केंद्रांनी अशी मुले तेथे पाठवावीत. सिकलसेलसाठी उभ्या राहिलेल्या यंत्रणेला हे ओझे फार होऊ नये. उलट ज्या मुलाचा सिकलसेल अहवाल निर्दोष आला, त्याच्या अशक्तपणाचा शोध तेथेच थांबू नये, एवढेच मागणे आहे. निदान झालेल्या कुटुंबास वैद्यकीय दाखल्यावर शिधापत्रिकेवरील गव्हाऐवजी तेवढाच तांदूळ किंवा ज्वारी देण्याची तरतूद करावी. धानाच्या जिल्ह्यात हे अशक्य असेल, तर शक्य कोठे व्हावे? आणि शिक्षकांनी वजन-उंचीची नोंद केवळ रकाना भरण्यासाठी न ठेवता, वर्षानुवर्षे एकाच जागी थबकलेल्या आकड्याकडे बोट दाखवावे. तो आकडा डॉक्टरांच्या आधी त्यांच्याच हाती पडतो.

जनुकांचे शास्त्र माणसाला हतबल करण्यासाठी जन्मलेले नाही. कोणाच्या रक्तात काय आले, यावर कोणाचाच अधिकार नसतो. पण कोणाच्या ताटात काय वाढावे, यावर घराचा, शाळेचा आणि शासनाचा अधिकार असतो. त्या अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी ओळखली गेली, तर वर्गातील शेवटच्या बाकावरची ती फिकुटलेली मुलगी तिच्या हक्काची उंची गाठू शकेल. त्यासाठी लागणारे अन्न तिच्या बापाच्या बांधीत पिकतेच आहे.